ड्राय आइस कधी आणि साधा बर्फ कधी: ठाणे-नवी मुंबईच्या उकाड्यात अन्न थंड ठेवण्याची रीत

वस्तू गोठलेली ठेवायची की नुसती थंड, हे सगळ्यात आधी ठरवायचं. ड्राय आइस वापरताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं. कुणी क्रीमचा केक ड्राय आइसवर ठेवतं आणि तो दगड होऊन येतो. कुणाचं दही फुटतं, कुणाची काचेची बाटली तडकते. याउलट, साध्या बर्फात ठेवलेल्या आइस्क्रीमची घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्येच बासुंदी झालेली असते.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. तो वितळत नाही, थेट वायू होऊन उडून जातो, म्हणून पेटीत पाणी साचत नाही. साधा बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि संपेपर्यंत तिथेच अडून राहतो. तो पदार्थाला शून्याच्या खाली नेत नाही, हा खरं तर त्याचा गुण आहे. दुधाला, पनीरला, ताज्या मासळीला नेमकं तेवढंच हवं असतं.

म्हणून वाटणी सरळ आहे. उणे १८ किंवा त्याहून थंड राहायला हवं ते ड्राय आइसवर: आइस्क्रीम, कुल्फी, गोठवलेली मासळी आणि मटण, फ्रोझन मटार, फ्रोझन पराठे. ५ अंशांच्या आत पण शून्याच्या वर राहायला हवं ते साध्या बर्फावर किंवा जेल पॅकवर: दूध, श्रीखंड, पनीर, कापलेली फळं, शिजवलेलं अन्न, क्रीमचे केक, ताजे मासे. दोन्ही प्रकारचा माल न्यायचा असेल तर पेट्याही दोन घ्या. एकाच पेटीत मध्ये पुठ्ठा टाकून दोन्ही सांभाळायचा प्रयत्न केला, तर पुठ्ठ्याच्या अलीकडचं गोठतं आणि पलीकडचं कोमट होतं.

किती लागेल, याचा हिशेब

४० लिटरची, ४ सेंटिमीटर जाड भिंतींची चांगली थर्मोकोल पेटी धरा. बाहेर ३२ अंश आणि आत उणे १८ असेल, तर भिंतींतून साधारण ३५ ते ४० वॅट उष्णता सतत आत शिरत राहते. चोवीस तासांत ती सुमारे ३,२०० किलोज्यूल भरते. एक किलो ड्राय आइस उडताना ५७१ किलोज्यूल उष्णता खातो, आणि त्याचा थंड वायू पेटीत तापताना आणखी थोडी घेतो. म्हणजे दिवसाला ५ किलोच्या थोडा वर ड्राय आइस लागतो. पेटी उघडझाप होणार असेल तर ७ किलो धरा. भिंत अडीच सेंटिमीटरचीच असेल तर हाच आकडा ८ किलोच्या पुढे जातो, म्हणून स्वस्तातली पातळ पेटी शेवटी महागच पडते.

आता तीच पेटी साध्या बर्फावर ३ अंशांना ठेवायची म्हटली, तर बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक कमी असल्याने उष्णताही कमी शिरते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. हिशेब केला तर दिवसाला साडेपाच किलो बर्फ पुरतो. म्हणजे वजन जवळपास सारखंच, फक्त साध्या बर्फाची किंमत ड्राय आइसच्या तुलनेत नगण्य. नुसतं थंड ठेवायला ड्राय आइस घेणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, आणि इथे ते अक्षरशः खरं आहे.

कमी तासांसाठी याच प्रमाणात भाग घ्या. दहा तासांच्या प्रवासाला सव्वादोन किलो ड्राय आइस लागेल, तर ३ किलो भरा. विक्रेत्याकडून घरी आणेपर्यंत आणि पेटी भरेपर्यंत जे उडतं ते धरून ४ किलो विकत घ्या. लग्नाच्या हॉलवर सहा तास आइस्क्रीम सांभाळायचं असेल तर २ किलो पुरेल, अर्थात पेटी मुलांच्या हाताला लागणार नसेल तर.

विकत घेताना

ड्राय आइस लादीच्या किंवा गोळ्यांच्या रूपात मिळतो. लादी हळू उडते, कारण वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग कमी. प्रवासाला आणि वीज गेल्यावर फ्रीझर सांभाळायला लादी घ्या. गोळ्या पटकन गार करतात आणि फटींत मावतात, पण संपतातही लवकर. अन्नाजवळ वापरायचा आहे हे विक्रेत्याला सांगा आणि खाद्य दर्जाचाच मागा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या कामासाठीही ड्राय आइस विकला जातो, त्यामुळे न सांगता घेऊ नका.

आदल्या दिवशी आणून ठेवायचा नाही. वापराच्या चार-सहा तास आधी आणा आणि तुमच्यासमोर वजन करून घ्या. घरच्या फ्रीझरमध्ये तो 'साठत' नाही. उणे १८ अंश ही त्याच्या दृष्टीने भट्टीच आहे, तिथेही तो उडतच राहतो. शिवाय त्या थंडीने फ्रिजचा थर्मोस्टॅट फसतो, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि बाकीचा फ्रिज गरम होत जातो.

आणायला जाताना थर्मोकोल पेटी, चामडी किंवा जाड कापडी हातमोजे, सांडशी आणि जुनी वर्तमानपत्रं बरोबर ठेवा. पातळ रबरी हातमोजे इथे कुचकामी आहेत, ते थंडीने कडक होऊन हाताला चिकटतात. लादी फोडायची असेल तर जाड टॉवेलात गुंडाळून हातोडीने फोडा आणि डोळ्यांवर संरक्षक गॉगल लावा. उडालेली कपची डोळ्यात गेली तर इजा कायमची राहू शकते.

पेटी भरायची ती अशी

माल आदल्या दिवशीपासून किमान चोवीस तास फ्रीझरमध्ये उणे १८ ला ठेवा. कोमट वस्तू ड्राय आइसवर गोठवायला बसलात तर निम्मा बर्फ त्यातच संपतो. गोठलेली वस्तू गोठलेली ठेवणं हेच त्याचं काम.

पेटीच्या तळाशी वर्तमानपत्राचे चार-पाच थर. त्यावर घट्ट बंद पिशव्यांतला माल, एकमेकाला चिकटवून. मग पुन्हा कागद किंवा पातळ पुठ्ठा, आणि सगळ्यात वर ड्राय आइस. थंड वायू जड असल्याने खाली उतरतो, म्हणून बर्फ वर ठेवायचा. लांबचा प्रवास असेल तर थोडा तळाशीही ठेवा. ड्राय आइस थेट मालाला टेकू देऊ नका, नाहीतर माशाचा तो भाग पांढरा, कोरडा आणि चिवट होतो. उरलेल्या सगळ्या फटी चुरगळलेल्या कागदाने भरा. रिकामी जागा म्हणजे तिथे फिरणारी हवा, आणि हवा फिरली की बर्फ खाते.

झाकण लावा, पण चारही बाजूंनी टेपने सील करू नका. एका बाजूला फट राहू द्या. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. एक किलो ड्राय आइसपासून सुमारे ५४० लिटर वायू तयार होतो. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर पेटी फुटते. फिरकीच्या झाकणाचा थर्मास, पाण्याची बाटली, क्लिपचा हवाबंद डबा, प्रेशर कुकर यांत ड्राय आइस ठेवणं म्हणजे घरात बाँब ठेवणं. गंमत म्हणून बाटलीत टाकलेल्या तुकड्यांनी हात आणि डोळे गमावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

आइस्क्रीम ड्राय आइसवरून काढून लगेच वाढता येत नाही, चमचा वाकेल पण ते निघणार नाही. वाढण्याआधी ड्राय आइस बाजूला काढून आइस्क्रीम बंद पेटीत तसंच राहू द्या आणि उणे १३-१४ वर आलं की वाढा. एवढ्यासाठी तरी तारेच्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर जवळ असावा.

वायू दिसत नाही

ड्राय आइसवर पाणी टाकलं की पांढरा धूर निघतो. लोक त्यालाच कार्बन डायऑक्साइड समजतात. ते खरं तर पाण्याच्या बाष्पाचं धुकं असतं. कार्बन डायऑक्साइड रंगहीन असतो, म्हणून धूर थांबला तरी वायू थांबला असं होत नाही. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणजे लहान मुलं, मांजर, कुत्रा आणि गादीवर झोपलेला माणूस यांच्या नाकाच्या पातळीवर.

आकडा डोळ्यांसमोर ठेवा. ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद स्वयंपाकघरात सगळी दारं-खिडक्या बंद करून एक किलो ड्राय आइस उडू दिला, तर हवेत अडीच टक्क्यांच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मान्य असलेली मर्यादा आहे अर्धा टक्का. तीन-चार टक्क्यांना श्वास जोरात चालतो, डोकं दुखतं, गुंगी येते. दहा टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो.

गाडीत तर जागा त्याहून कमी. चार किलोची पेटी मागच्या सीटवर ठेवली, एसी रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवणाऱ्या मोडवर टाकला आणि काचा बंद केल्या, तर हवा अजिबात बदलली नाही असं धरून तासाभरात चार टक्क्यांपर्यंत मजल जाते. म्हणून पेटी डिक्कीत ठेवा, एसी बाहेरची हवा घेणाऱ्या मोडवर ठेवा आणि दोन काचा बोटभर उघड्या. हॅचबॅकची डिक्की आणि बसायची जागा एकच असते, तिथे हे दुप्पट लागू. गाडीत मूल झोपलं असेल तर पेटी गाडीत नकोच. सोसायटीच्या लिफ्टने मोठा साठा नेताना पेटी एकटी पाठवा आणि वरच्या मजल्यावर कुणाला तरी उभं करा. बेसमेंटमधल्या गोडाऊनमध्ये साठा करू नका.

विमानाने नेणार असाल तर प्रवाशाला अडीच किलोपर्यंतच नेता येतो, तेही विमान कंपनीच्या परवानगीने आणि वायू बाहेर पडेल अशा पेटीत.

खाण्याचा तर प्रश्नच नाही. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधल्या एका कॅफेत माउथ फ्रेशनर समजून ड्राय आइस तोंडात टाकल्याने पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. धुराचं पान, धुराचं सरबत देणाऱ्या केटररनी तुकडा पूर्ण उडून गेल्याशिवाय पेला पाहुण्याच्या हातात देऊ नये.

घरचा फ्रिज

थंडीची खरी लढाई रोजच्या फ्रिजमध्ये असते. डायलवरचा ५ म्हणजे ५ अंश नव्हे, तो फक्त थंडीचा टप्पा असतो. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा वाढवला की थंडी वाढते. खरं तापमान बघायचं तर मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि सकाळी, फ्रिज उघडण्याआधी वाचा. ४ अंश असायला हवेत. फ्रीझर उणे १८.

वाचन ७-८ अंश येत असेल तर मेकॅनिकला बोलवण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, फ्रिज भिंतीला टेकलेला आहे का? मागे हाताचा पंजा जाईल एवढी जागा हवी. दोन, दाराचं रबर. दारात नोट धरून ते बंद करा आणि ओढा. नोट सहज सुटली तर रबर ढिलं आहे, आणि आपल्या दमट हवेत तिथून आत शिरलेलं बाष्प फ्रीझरमध्ये बर्फाचे डोंगर बांधतं. तीन, आतली हवेची झरोकं भरलेल्या पिशव्यांनी झाकली गेली आहेत का? फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फ्रीझरची थंड हवा पंख्याने खाली येते. वाट अडली की वर गोठतं आणि खाली भाजी कुजते.

दूध दारात ठेवायचं नाही, दार हा फ्रिजचा सगळ्यात गरम भाग. गरम भाताचं पातेलं थेट फ्रिजमध्येही नको आणि रात्रभर ओट्यावरही नको. पसरट ट्रेमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर होणार नाही असं पसरा, किंवा पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून हलवा. ६० अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो. ओट्यावर कोमट राहिलेल्या भातात तो जे विष तयार करतो, ते दुसऱ्या दिवशी फोडणी देऊनही जात नाही.

मासळी

दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातून मासळी आणताना तेवढ्याच वजनाचा बर्फाचा चुरा बरोबर घ्या, किलोला किलो. पेटीच्या तळाशी चुऱ्याचा थर, मग मासे, मग चुरा, आणि वितळलेलं पाणी वाहून जाईल असं खाली भोक. मासा स्वतःच्या पाण्यात डुंबत राहिला की लवकर मऊ पडतो. आतडी आधीच काढून घ्या.

बर्फाचा रंगही बघा. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणं बंधनकारक केलं. निळसर लादी दिसली तर ती मासळीला थेट लावायची नाही, पिशवीच्या बाहेरूनच वापरायची.

बांगडा, सुरमई, कुपा या माशांची वेगळी काळजी. ते गरम राहिले की मांसात हिस्टामिन नावाचं अपायकारक द्रव्य तयार होतं, आणि ते तळून, शिजवून किंवा गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, तोंडात झणझणतं. लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी आली. खरं तर मासा बाजारातून घरापर्यंत उन्हात आलेला असतो.

वीज गेली तर

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच ठप्प झाली होती, आणि तीही ऑक्टोबरच्या उकाड्यात. एरवी महावितरणच्या देखभालीचे काही तास असतातच. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतलं अन्न साधारण चार तास सांभाळलं जातं. भरलेला मोठा फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो असा आकडा दिला जातो. तो आपल्या ६०-७० लिटरच्या वरच्या फ्रीझरला तसाच लावू नका. डबा लहान आणि स्वयंपाकघर ३३ अंशांचं, म्हणून निम्माच धरा. एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याला तर काही तासांपलीकडे धरूच नका.

वीज जाणार हे आधी कळलं असेल तर प्लॅस्टिकच्या बाटल्या तीन चतुर्थांश पाण्याने भरून फ्रीझरच्या रिकाम्या जागेत गोठवा. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून परतल्यावर नाणं वरच दिसलं तर सगळं ठीक. ते तळाशी गेलं असेल, तर तुमच्या पाठीमागे फ्रीझर पूर्ण वितळून पुन्हा गोठला आहे. त्यातली मासळी आणि मटण टाकून द्या.

खंड लांबणार असेल तेव्हा ड्राय आइस कामी येतो. २०० लिटरच्या डीप फ्रीझरला दोन दिवसांसाठी १० ते १२ किलो, घरगुती वरच्या फ्रीझरला दिवसाला सुमारे ३ किलो. मालावर जाड पुठ्ठा घाला आणि त्यावर लादी ठेवा. काचेच्या फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या आतल्या अस्तरावर थेट ठेवली तर ती तडकतात. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडी झरोक्यांतून थोडी खाली उतरते, म्हणून अंडी आणि पालेभाजी त्या तोंडांपासून लांब ठेवा. खिडकी उघडी ठेवा, आणि फ्रीझर उघडताना तोंड आत घालू नका.

वीज आल्यावर थर्मामीटर लावूनच निर्णय घ्या. वास हा निकष नाही, बऱ्याच घातक जिवाणूंना वास नसतो. दूध, पनीर, शिजवलेलं अन्न, मांस-मासे, कापलेली फळं ५ अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिली असतील तर टाका. खोलीचं तापमान ३२ च्या वर असेल, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रोजच, तर ही मुदत एका तासाची. गोठलेल्या मालात अजून बर्फाचे कण असतील आणि तो ५ अंशांच्या आत असेल तर पुन्हा गोठवता येतो, चवीत थोडा फरक पडतो एवढंच. लोणचं, लोणी, अख्खी फळं, सॉस यांना काही होत नाही.

उरलेला ड्राय आइस

पेटीचं झाकण काढून ती बाल्कनीत किंवा गच्चीवर, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी उघडी ठेवा. रात्रभरात तो उडून जातो. सिंकमध्ये, संडासात किंवा मोरीत टाकू नका, पाइप तडकतो. फरशीवर थेट ठेवला तर टाइल फुटते. झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यातही नको, सकाळी सोसायटीचा कचरा उचलणाऱ्याच्या हातात तोच डबा जातो.

हाताला चटका बसला आणि कातडी पांढरी, बधिर झाली तर चोळू नका, शेकू नका. चिकटलेला तुकडा ओढून काढू नका, कोमट पाणी सोडून मोकळा करा. ३७ ते ४० अंशांच्या पाण्यात हात वीस-तीस मिनिटं ठेवा. फोड आला किंवा बधिरपणा गेला नाही तर डॉक्टरांकडे जा.